बोर्डोच्या पिंपातला विळा

द्राक्षाच्या बागेत बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर मारायचं तांबं आणि चुन्याचं औषध, तयार झालं की फवारणीआधी त्याची एक छोटी परीक्षा होते. कुणीतरी लोखंडी विळा, नाहीतर खुरप्याचं पातं, पिंपात बुडवतं. मिनिटभर थांबतं, बाहेर काढतं आणि उन्हात धरून बघतं. पात्यावर तांबूस झाक चढली असेल तर चुना कमी पडला, अजून घाला. पातं गेलं तसंच परत आलं तर पंप भरायला हरकत नाही.

निफाडकडच्या आमच्या बागेत आबा हे करायचे. मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात काही नवल आहे असं कधी वाटलंच नाही. पुढे कॉलेजात विद्युत-रसायनाचं प्रकरण सुरू झालं, फळ्यावर आयन, इलेक्ट्रॉन, व्होल्ट असं सगळं येऊ लागलं. दुसऱ्या की तिसऱ्या तासाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हा तर आबांचा विळा!

गंमत अशी की पिंपात तांबं किती आहे हे विळा सांगतच नाही. चुना घालण्याआधी पिंपात जेवढं तांबं होतं तेवढंच ते चुना घातल्यानंतरही असतं. एक कणही कुठे गेलेला नसतो. विळा सांगतो ते एवढंच, की त्यातलं मोकळं किती आणि बांधलेलं किती. द्रावणांच्या रसायनशास्त्रातलं बरंचसं या मोकळ्या-बांधलेल्याच्या हिशेबात येतं, म्हणून आज पिंपापासूनच सुरुवात करू.

बोर्डोला लागतात तीन गोष्टी: मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ते निळेशार, काचेसारखे खडे. खडा हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या आत पाणी आहे. तांब्याच्या प्रत्येक कणामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बसलेले असतात. वजनात मोजलं तर एक किलो मोरचुदात तांबं साधारण २५५ ग्रॅम, पाणी ३६० ग्रॅम आणि उरलेला भाग सल्फेटचा. म्हणजे मोरचुदाच्या भावात आपण एक तृतीयांशाहून जास्त पाणीच विकत आणतो! प्रयोगशाळेत हा खडा परीक्षानळीत तापवला की पाणी उडून जातं आणि मागे पांढरी भुकटी राहते. तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की पुन्हा निळा रंग. हा निळेपणा येतो तांब्याच्या आयनाभोवती पाण्याने कडं केलं की. (घरच्या तव्यावर हा प्रयोग करू नका. मोरचूद विषारी आहे, आणि तवा लोखंडी असतो. त्याचं काय होतं ते पुढे येईलच.)

आता हा खडा पाण्यात टाकला की 'विरघळतो' म्हणजे नेमकं काय होतं? खड्यात तांब्याचे कण धनप्रभारित असतात आणि सल्फेटचे ऋणप्रभारित. या प्रभारित कणांनाच आयन म्हणतात. धन तो धनायन, ऋण तो ऋणायन. एकमेकांच्या ओढीने ते घट्ट रचलेले असतात. पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकडा असतो. त्याच्या ऑक्सिजनच्या टोकाला किंचित ऋणप्रभार आणि हायड्रोजनच्या टोकांना किंचित धनप्रभार. पाण्याचे रेणू खड्याच्या कडेशी येतात, तांब्याच्या आयनाला ऑक्सिजनची बाजू दाखवतात, सल्फेटला हायड्रोजनची, आणि दोघांच्या मध्ये शिरतात. शिरल्यावर दोघांमधली ओढ ढिली पडते. किती ढिली? दोन प्रभार हवेत एकमेकांना जेवढे ओढतील त्याच्या ऐंशीव्या भागाइतकंच ते पाण्यात ओढतात. मग खडा कडेकडेने सुटत जातो आणि प्रत्येक आयन आपापलं पाण्याचं कडं घेऊन फिरायला मोकळा होतो.

साखरही विरघळते, पण तिचं प्रकरण वेगळं आहे. साखरेचा रेणू अख्खाच पाण्यात जातो, त्याचे प्रभारित तुकडे होत नाहीत. म्हणून मिठाच्या पाण्यात दोन तारा सोडून बॅटरी आणि छोटा दिवा जोडला तर दिवा लागतो आणि साखरेच्या पाण्यात लागत नाही. आपल्याकडे दोन्हींना 'विरघळणं' हा एकच शब्द. सरबत करताना त्याने काही अडत नाही, पण वीज वाहायची असेल तर फरक पडतो.

मीठ पाण्यात पडताक्षणी, वीज न सोडताच, आयनांत फुटलेलं असतं, ही गोष्ट आज दहावीचं पोरगंही सांगेल. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ साली उप्सालाच्या विद्यापीठात पीएचडीच्या प्रबंधात हे मांडलं तेव्हा परीक्षकांना ते पटलं नव्हतं. प्रबंध जेमतेम दर्जा देऊन पास केला. याच कल्पनेसाठी त्याला १९०३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षकांना अगदीच दोष देता येत नाही. सोडियम धातू पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू, आणि हा तरुण म्हणतोय की मिठाच्या पाण्यात दोघं सुटे फिरतायत! अणू आणि आयन यांच्या स्वभावात केवळ एका इलेक्ट्रॉनने किती फरक पडतो, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचाच शोध लागायचा होता.

आता प्रमाणाकडे. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. शेतकऱ्याला एवढं पुरतं, पण रसायनशास्त्राला किलोत बोलणं आवडत नाही, कारण अभिक्रिया वजनाने होत नाही, संख्येने होते. एका तांब्याच्या आयनाला चुन्याचा एक जोडीदार लागतो. कण मोजायचे तर डझनासारखं काहीतरी हवं. ते माप म्हणजे मोल. डझनात बारा, मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं. मोरचुदाचा एक मोल २५० ग्रॅमचा, म्हणजे किलोत चार मोल. ते शंभर लिटरमध्ये गेले, तर लिटरमागे ०.०४ मोल. कळीच्या चुन्याचा मोल ५६ ग्रॅमचा. चार मोल मोरचुदाला चार मोल चुना, म्हणजे २२४ ग्रॅम.

म्हणजे कागदावर पाव किलोहूनही कमी चुना पुरतो. मग आबा किलोभर का घालायचे?

कारण कागदावरचा चुना शुद्ध असतो आणि दुकानातला नसतो. कळीचा चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड सतत पीत असतो आणि हळूहळू त्याचा खडू होत जातो. जुन्या पोत्यातल्या चुन्यात खरा चुना किती उरलाय हे बघून कळत नाही. त्यात खडे, नीट न भाजलेले दगड. शिवाय थोडा जादा चुना असलेला बरा. पानाला धोका राहत नाही आणि थर चिकटून बसतो. वजनकाट्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणूनच तर पिंपात विळा जातो.

चुन्याचीही एक खोड सांगायला हवी. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसून तापतो, वाफा येतात, डोळ्यांत उडाला तर घात करतो. विरी गेल्यावर त्याचं पांढरं दूध होतं. हे दूध द्रावण नव्हे. एक लिटर पाण्यात विरी गेलेला चुना दीड-पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच विरघळतो; बाकी सगळा नुसता तरंगत असतो. तासाभराने वर जे स्वच्छ पाणी राहतं, ती चुन्याची निवळी. खरं द्रावण तेवढंच. पण तरंगणारा चुना वाया जात नाही. निवळीतला विरघळलेला चुना अभिक्रियेत खर्च झाला की तरंगणाऱ्यातला थोडा विरघळून त्याची जागा घेतो. आणि साखर गरम पाण्यात जास्त विरघळते तसं चुन्याचं नाही. तो उलटा आहे, गार पाण्यात जास्त विरघळतो.

मोरचूद एका पिंपात पन्नास लिटरमध्ये, चुना दुसऱ्यात पन्नास लिटरमध्ये, चुना फडक्यातून गाळून घ्यायचा, आणि मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत काठीने ढवळत राहायचं. हे तीन पिंपांचं प्रकरण मला लहानपणी उगाच वाटायचं. दोन्ही घट्ट द्रावणं एकदम एकत्र केली तर तांब्याचे मोठे, जड कण बनतात आणि तळाशी बसतात, पंपाची नोझल तुंबते. पातळ करून, ढवळत मिसळलं तर कण अगदी बारीक बनतात, जवळजवळ खळीसारखे, आणि पानावर पसरून चिकटतात. द्रावणातून असा न विरघळणारा पदार्थ वेगळा होऊन बाहेर पडतो त्याला अवक्षेप म्हणतात. बोर्डोचा आकाशी रंग या अवक्षेपाचा. तोही शिळा होतो. रात्रभरात कण एकमेकांत मिसळून जाड होतात. म्हणून मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

चुना इथे दोन कामं करतो. मोरचुदाचं नुसतं द्रावण आम्लधर्मी असतं, निळा लिटमस तांबडा करतं. त्याचा सामू, म्हणजे पीएच, चारच्या आसपास असतो. तांब्याचा आयन भोवतालच्या पाण्याला इतका ओढून धरतो की पाण्यातला एखादा हायड्रोजन सुटून जातो, आणि सुटा हायड्रोजन आयन म्हणजेच आम्लता. असं द्रावण पानावर मारलं तर पान करपतं. चुना ही आम्लता मारतो, आणि त्याच वेळी तांब्याच्या मोकळ्या आयनांना अवक्षेपात बांधून टाकतो.

आता विळा बुडवू. समजा चुना कमी पडलाय आणि पाण्यात तांब्याचे आयन मोकळे फिरतायत. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडायला तांब्यापेक्षा जास्त तयार असतो. पात्यावरचा एक लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन पात्यातच ठेवतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. ते दोन इलेक्ट्रॉन पात्याला येऊन भिडलेला तांब्याचा आयन उचलतो आणि धातू होऊन पात्यावर बसतो. लोखंड पाण्यात, तांबं पात्यावर. इलेक्ट्रॉन सोडणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोन्ही नेहमी जोडीनेच होतात, कारण एकाने सोडलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या कुणीतरी घ्यावाच लागतो. ५६ ग्रॅम लोखंड गेलं की ६३.५ ग्रॅम तांबं येतं, म्हणजे विळा झिजूनही जड होतो!

कोण कुणाला इलेक्ट्रॉन देणार याची धातूंमध्ये एक रांग लागलेली आहे. जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन, त्यानंतर तांबं, चांदी, सोनं. आधीचा देतो, नंतरचा घेतो. या रांगेला आकडेही आहेत. समुद्रसपाटी शून्य धरून डोंगराची उंची सांगतात, तसं हायड्रोजनला शून्य धरून जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, कथील उणे ०.१४, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. लोखंड आणि तांब्यात फरक ०.७८ व्होल्टचा. या उतारावरून इलेक्ट्रॉन आपणहून घरंगळतात, ढकलायला कुणी लागत नाही.

बोर्डो कधीही लोखंडी पिंपात किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत करू नये म्हणतात, ते यामुळेच. बादलीच विळ्याचं काम करायला लागते. द्रावणातलं तांबं बादलीला चिकटतं, बादलीचं जस्त द्रावणात उतरतं. औषध पातळ होतं आणि काही दिवसांनी बादली गळते.

पण विळ्यावर इलेक्ट्रॉन ज्या उतारावरून घरंगळले त्यात आपल्या हाती काही लागलं का? थोडीशी उष्णता, बस्स. देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटूनच उभे होते. त्यांना लांब उभं केलं आणि इलेक्ट्रॉनला तारेतून यायला लावलं, तर वाटेत दिवा लावता येतो. विद्युत-घट म्हणजे एवढंच. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० साली धातूच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे यांची चळत रचून पहिली बॅटरी केली खरी, पण ती लवकर दमायची. टिकाऊ घट केला लंडनच्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने, १८३६ मध्ये, आणि त्यात आपलं मोरचूदच होतं.

डॅनियलचा घट असा डोळ्यांपुढे आणा. तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचं द्रावण. त्याच्या आत, माठ पाझरतो तसं पाझरणारं, बिनचकाकीचं मातीचं छोटं भांडं. त्यात जस्ताची कांडी आणि जस्ताच्या सल्फेटचं पाणी. जस्त आणि तांबं तारेने जोडलं की जस्त विरघळत जातं, त्याचे इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे येतात, आणि तिथे मोरचुदातले तांब्याचे आयन ते घेऊन भांड्याच्या आतल्या बाजूला धातू होऊन बसतात. फरक १.१ व्होल्टचा. तारायंत्राची ऑफिसं असल्या घटांवर बरीच वर्षं चालली.

मातीचं भांडं कशाला? ते काढून टाकलं तर तांब्याचे आयन सरळ जस्ताला जाऊन भिडतील आणि विळ्यासारखंच होईल, तारेतून काही येणार नाही. बरं, माती ऐवजी काचेचं भांडं ठेवलं तर? तर घट क्षणात बंद पडेल. जस्ताच्या बाजूला धनायन वाढत जातात, तांब्याच्या बाजूला कमी होतात. तो प्रभार समतोल करायला आयनांना एकीकडून दुसरीकडे जायला वाट हवी. माती त्यांना पाझरू देते पण द्रावणं एकदम मिसळू देत नाही. इलेक्ट्रॉन तारेतून जातात, पाण्यात पोहत नाहीत. आयन पाण्यातून जातात, तारेत शिरत नाहीत. दोन्ही रस्ते खुले असतील तरच वर्तुळ पुरं होतं. घड्याळातला सेल, इन्व्हर्टरची बॅटरी, मोबाइल, सगळीकडे हाच नियम. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच चुकतात, म्हणून मी यावर जरा जास्त रेंगाळले.

हाच उतार वीज खर्चून उलटा चढवता येतो, त्याला विद्युत अपघटन म्हणतात. मोरचुदाच्या द्रावणात एका बाजूला अशुद्ध तांब्याचा जाड पत्रा धनाग्र म्हणून, दुसऱ्या बाजूला शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा ऋणाग्र म्हणून टांगला आणि वीज सोडली की जाड पत्रा विरघळतो, पातळ पत्रा जाड होतो. तांब्याचं शुद्धीकरण असंच होतं. अशुद्ध तांब्यातलं सोनं-चांदी विरघळत नाही, तळाशी गाळात साठतं, आणि तो गाळ कुणी फेकून देत नाही. किती वीज गेली की किती तांबं बसणार याचा हिशेब मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात लावला. एक ॲम्पियर तासभर गेला की सुमारे १.१९ ग्रॅम तांबं. 'आयन' हा शब्दही त्याच्याच लिखाणातून रूढ झाला; मूळ ग्रीक, अर्थ 'जाणारा'.

शेतातून थोडं स्वयंपाकघरात डोकावू, कारण आपल्या भाषेत या सगळ्यासाठी एक अस्सल शब्द आहे: कळकणं. पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. हिरवट होते, तोंडात धातूची चव येते. वरच्या रांगेत तांबं हायड्रोजनच्या नंतर येतं, म्हणजे नुसतं आम्ल तांब्याला विरघळवू शकत नाही. मग आमटी कळकते कशी? तिथे हवेतला ऑक्सिजन मदतीला येतो. तांब्याकडून इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो, आंबटपणा त्याचं काम सोपं करतो, आणि तांब्याचे आयन आमटीत उतरतात. इलाज म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवून नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर उठायचा, पत्र्यावरचा काळा थर निघून जायचा, आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने झरकन पुसायची. कथील रांगेत तांब्याच्या आधी येतं, त्यामुळे कल्हईला एखादा ओरखडा पडला तरी आधी कथील झिजतं, तांबं मागे राहतं. लोखंडी डब्यावर मात्र हेच कथील उलट वागतं. तिथे लोखंड रांगेत आधी, म्हणून ओरखडा पडला की त्या जागी लोखंडच भराभर गंजतं. लोखंडाला खरा सोबती जस्त. म्हणून पन्हाळी पत्र्यांना जस्ताचा मुलामा देतात.

परत पिंपाकडे. चुना पुरेसा पडला की विळा कोराच बाहेर येतो. याचं कारण मी बरीच वर्षं चुकीचं सांगत होते, की आता उतारच उरला नाही. तसं नाही. मोकळे आयन कमी झाले की उतार कमी होतो हे खरं, पण फार हळू. तांब्याच्या बाबतीत मोकळा आयन दहा पटींनी घटला की जेमतेम ०.०३ व्होल्टची घट होते. हा हिशेब वाल्थेर नेर्न्स्टने १८८९ मध्ये मांडला. मोकळा आयन दहा लाख पटींनी घटला असं धरलं तरी उतार ०.१८ व्होल्टनेच उतरेल. ०.७८ मधून ते गेले तरी बरंच उरतं. म्हणजे ओढ आहेच, पण ओढून घ्यायला समोर कुणी नाही. डोळ्यांना दिसेल असा थर बसायला लागतात तेवढे आयन पाण्यात फिरतच नाहीत. त्यात चुन्याच्या पाण्यात लोखंड स्वतःवर एक अतिशय पातळ पापुद्रा चढवून घेतं आणि शांत बसतं. काँक्रीटमधली सळई गंजत नाही तीही याच पापुद्र्यामुळे.

उताराचा हा हळूपणा एका जागी फार कामाचा ठरला. आयन दहा पटींनी बदलले की व्होल्ट ठरावीक मापाने सरकतो, म्हणजे उलट्या बाजूने, व्होल्ट मोजून आयन किती मोकळे ते सांगता येतं. हायड्रोजन आयनांसाठी ते माप २५ अंश सेल्सियसला सामूच्या एका घराला ०.०५९ व्होल्ट. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नॉल्ड बेकमनने लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला या तत्त्वावर एक मजबूत यंत्र बनवलं आणि आजच्या सामूमापकाचा रस्ता मोकळा झाला. बागाईतदार हल्ली खिशात पेनासारखा सामूमापक घेऊन फिरतात. तोही पाण्यात बुडवलेला विळाच आहे, फक्त तांबूस झाकीऐवजी आकडा दाखवतो.

मग प्रश्न उरतो की एवढं सगळं बांधून टाकलेलं तांबं बुरशीला मारतं कसं? फ्रान्सच्या मेदोक भागात १८८२ साली पिएर-मारी-अलेक्सी मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की केवडा या बुरशीच्या रोगाने सगळ्या बागा पानं गाळून बसल्यात, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. चोरांसाठी केलेला बंदोबस्त बुरशीला लागू पडला! मियार्देने प्रयोग करून १८८५ मध्ये कृती छापली, आणि जवळच्या शहराचं नाव त्या मिश्रणाला चिकटलं.

पानावर वाळलेला तो आकाशी थर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, या 'जवळजवळ'वरच सगळं चालतं. पहाटे दव पडतं. दवात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आंबट होतं, बुरशीचं बीजाणू रुजताना स्वतःही काही आम्लं बाहेर टाकतं. तेवढ्याने थरातले थोडेसे तांब्याचे आयन सुटतात. बीजाणू ते शोषून घेतं, त्याची विकरं निकामी होतात. पानाला इजा होण्याइतके आयन एका वेळी सुटत नाहीत. म्हणजे बोर्डो हे तांब्याचं गुदाम आहे आणि दव त्याला रोज रेशनवर माल काढू देतं. मोरचूद नुसतंच मारलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं गुदाम उघडलं असतं, पान करपलं असतं आणि पहिल्या पावसात उरलेलं वाहून गेलं असतं.

मात्र गुदामातलं तांबं जातं कुठे? मातीत, आणि तिथेच राहतं. हेक्टरला हजार लिटर एक टक्का बोर्डो मारलं तर दहा किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, वर्षाला सरासरी चार किलो. पूर्ण जोराच्या दोन फवारण्यांतच ही वर्षाची सरासरी ओलांडली जाते. जुन्या बागा असलेल्यांनी हा आकडा एकदा आपल्या वहीतल्या फवारण्यांशी ताडून बघावा असं माझं मत आहे.

आणि विळा. परीक्षा झाल्यावर तांबूस झालेलं पातं आबा लगेच राखेने खसाखसा घासायचे, काम कितीही अंगावर असलं तरी. मला वाटायचं, पुन्हा बुडवायचा तर पातं कोरं हवं, म्हणून. ते होतंच. पण न घासता विळा तसाच खुंटीला लावला तर दुसऱ्या दिवशी त्या तांबूस डागाच्या कडेने गंज धरलेला दिसतो. लोखंडावर तांब्याचा ठिपका आणि दोन्हींवर रात्रीच्या ओलाव्याचा पातळ थर, म्हणजे तार जोडून ठेवलेला छोटासा घटच. लोखंड इलेक्ट्रॉन देत राहतं, तांब्याच्या ठिपक्यावर ऑक्सिजन ते घेत राहतो, आणि रात्रभर विळा स्वतःलाच खातो.